तांबडा ड्रॅगन रंगविताना

शब्दांशी रोजचा व्यवहार करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. हाती आलेली वस्तू न्याहाळण्यापूर्वी तो तिच्या नावाकडे पाहतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने करड्या प्लॅस्टिकची एक मूर्ती माझ्या टेबलावर ठेवली आणि "मावशी, एवढी रंगवून दे ना," असे म्हटले, तेव्हा माझेही तसेच झाले.

मूर्ती ड्रॅगनची होती. या प्राण्याने भाषांतरकाराला नेहमीच पेचात टाकले आहे. अजगर म्हणावे तर अजगराला पंख नसतात. नाग म्हणावे तर त्याला आपण पंचमीला दूध-लाह्या वाहतो. राक्षस म्हणावे तर तो फारच माणसासारखा होतो. म्हणून मी आजवर 'ड्रॅगन' हाच शब्द ठेवीत आले आहे. मूळ ग्रीक शब्द 'ड्राकोन', म्हणजे मोठा सर्प. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'पाहणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात, आणि आपल्या 'दृष्टी' व 'दर्शन' या शब्दांचे मूळही तेच मानले जाते. तेव्हा ड्रॅगन म्हणजे ज्याची नजर रोखलेली आहे, तो. अशा छोट्या मूर्तीला इंग्रजीत 'मिनिएचर' म्हणतात. या शब्दाचा लहानपणाशी मुळात काहीच संबंध नव्हता. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शेंदूर. मध्ययुगीन युरोपातील लेखनिक हस्तलिखितांतील आद्याक्षरे शेंदराने रंगवीत. त्या कामावरून हे नाव आले आणि 'लहान' हा अर्थ त्याला पुढे चिकटला. शेंदराने दगडाचा देव होतो, हे आपल्याकडे कोणास सांगावयास नको. मग प्लॅस्टिकचा ड्रॅगन का होऊ नये?

ही मूर्ती कशासाठी, हे वाचकांना सांगितले पाहिजे. 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात सोंगट्या मारावयाच्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि पात्राचा बेत साधतो की फसतो हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. या खेळात ड्रॅगनांची जात रंगावरून ठरते, आणि त्यांतला तांबडा म्हणजे आग ओकणारा, धनाच्या राशीवर पहुडलेला, महालोभी आणि महागर्विष्ठ. त्याची वंशावळ जुनी आहे. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यातला ड्रॅगन असाच ठेव्याची राखण करतो. त्या काव्याचे गाढे अभ्यासक टॉल्किन यांनी 1937 साली 'द हॉबिट'मध्ये स्मॉग नावाचा तांबूस-सोनेरी ड्रॅगन निर्माण केला. वेल्स देशाच्या ध्वजावर मात्र हाच तांबडा ड्रॅगन अभिमानाने उभा आहे; त्या ध्वजाला 1959 साली अधिकृत मान्यता मिळाली.

माझा भाचा बारावीच्या शिक्षणासाठी दोन वर्षे दिल्लीत आमच्याकडे राहिला. दर रविवारी त्याचे तीन मित्र येत आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ मांडीत. परीक्षा संपली होती. जूनअखेर चौघांच्या वाटा चार शहरांकडे फुटणार होत्या. दोन वर्षे चाललेल्या गोष्टीचा शेवट या ड्रॅगनशी होणाऱ्या झुंजीने व्हावा, म्हणून त्याने साठविलेल्या पैशांतून ही मूर्ती घेतली. आणि त्याच आठवड्यात सायकलवरून पडून उजव्या मनगटाला प्लॅस्टर घालून घेतले. मावशीची आठवण झाली ती अशी. एका घरात राहूनही आमचे बोलणे "जेवलास का?" आणि "हो" यांच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

खेळात माणसाची मूर्ती जेमतेम सव्वा इंच उंचीची असते. हा ड्रॅगन तीन इंच व्यासाच्या बैठकीवर उभा होता आणि त्याचे पसरलेले पंख वीतभराहून रुंद होते. प्रथम त्याला साबणाच्या पाण्याने धुतले, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर त्यावर रंग धरत नाही. वाकलेले पंखाचे टोक गरम पाण्यात बुडवून सरळ केले आणि लगेच थंड पाण्यात धरले. साच्याच्या जोडरेषा धारदार पात्याने खरवडल्या, पंखांच्या सांध्यांत पुट्टी भरली. प्रायमर फवारावयाचा बेत सोडून दिला. दिल्लीच्या मे महिन्यात फवारा वाटेतच सुकतो आणि मूर्तीवर रवाळ बसतो. तो कुंचल्यानेच लावला. रंगही उन्हाळ्यात मिनिटाभरात सुकतात. त्यावर उपाय घरातच सापडला. टिफिनच्या पसरट डब्यात ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंगाचे थेंब. झाकण लावले की दुसऱ्या दिवशीही रंग ओलाच.

मला वाटले होते, तांबडा ड्रॅगन म्हणजे तांबडा रंग फासला की झाले. भाचा हसला. "एकच रंग दिलास तर तो कौलासारखा दिसेल," तो म्हणाला. त्याने खोलीत अंधार केला आणि डाव्या हाताने टॉर्च मूर्तीच्या वर धरला. पाठीचा कणा, पंखांच्या कडा, भुवया उजळल्या. पोट, काखा आणि पंखांच्या घड्या काळोखात गेल्या. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतला उजेड पुरेशी सावली पाडीत नाही. म्हणून उजेड आणि सावली दोन्ही रंगानेच लिहावी लागतात. मी पाहत होते आणि पेन्सिलीने वहीत टिपून घेत होते.

त्या अंधारातच तो एकाएकी म्हणाला, "मावशी, आम्ही चौघे पुन्हा असे बसू का गं?"

होय म्हणणे सोपे होते. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी मला आठवल्या. मी म्हटले, "ठाऊक नाही रे. पण ही गोष्ट पुरी झालेली असली म्हणजे ती चौघांजवळ राहील." टॉर्च किंचित हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

त्यानंतर एकोणीस संध्याकाळी आम्ही कामाला बसलो, आणि तांबड्या रंगाचा स्वभाव मला कळत गेला. पुष्कळसे तांबडे रंग अर्धपारदर्शक असतात. काळ्यावर ते मरगळतात, पांढऱ्यावर झळकतात. म्हणून खाली खोलगट भागांत तपकिरी आणि उंचवट्यांवर फिकट रंग देऊन मगच तांबड्याचे पातळ हात द्यावयाचे. उजळ करण्यासाठी त्यात पांढरा घातला तर ड्रॅगन गुलाबी होतो. तेथे नारिंगी हवा, आणि शेवटच्या कडांना चिमूटभर पिवळा. गडद करण्यासाठी काळा घातला तर रंग निर्जीव होतो. तेथे चक्क हिरवा हवा. समोरासमोरचे हे दोन रंग मिसळले की खोल, उबदार तपकिरी छाया मिळते. मग पाण्यासारखा पातळ गडद रंग खवल्यांवर सोडला की तो आपोआप फटींत उतरतो आणि एकेक खवला सुटा दिसू लागतो. नंतर जवळजवळ कोरडा कुंचला वरवर फिरविला की कडा उजळतात. पंखांच्या पडद्यांना मात्र अशी घाई चालत नाही. एका पंखावर मी नऊ पातळ हात दिले, आणि दर वेळी वाळण्याची वाट पाहिली.

वाट पाहताना बोलणे होई. वसतिगृहाची भीती, वडिलांशी न पटणारे काही, एका मित्राची हलाखी, असे बरेच काही मला त्या नऊ हातांच्या मध्ये समजले. दोघांचीही नजर मूर्तीवर असली म्हणजे मुलगा मोकळा बोलतो.

माझ्या व्यवसायाबद्दलही एक प्रश्न मला फार दिवस छळीत होता. दुसऱ्याच्या लेखनावर मेहनत करण्यात आपले असे काय असते? ही मूर्ती कोणा अनामिक शिल्पकाराने घडविलेली. तिचा एक खवलाही मला बदलता येत नव्हता. पण उजेड कोठून यावा, हे ठरविणे माझ्याकडे होते. तेवढे ठरविण्यासाठी मला ती मूर्ती, बहुधा तिच्या शिल्पकाराखालोखाल, बारकाईने पाहावी लागली. ते पाहणे माझे होते. प्रश्न तेव्हापासून छळेनासा झाला.

डोळे शेवटी राहिले. पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत सराईत हाताकडे देतात. चीनमध्ये सहाव्या शतकातील चित्रकार झांग सेंगयौ याची कथा सांगतात. त्याने मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, पण डोळ्यांत बाहुल्या काढीना. लोकांच्या आग्रहावरून त्याने दोघांच्या काढल्या, आणि ते दोघे भिंत फोडून आकाशात गेले. उरलेले दोघे तेथेच राहिले. प्लॅस्टर तोवर निघाले होते. कोपरे टेबलावर टेकून, दोन्ही मनगटे एकमेकांस लावून, श्वास रोखून मी उजव्या डोळ्यात पिवळ्यावर काळी उभी रेघ ओढली आणि कुंचला भाच्याच्या हाती दिला. त्याचा अशक्त हात थरथरत होता. डावी रेघ थोडी तिरपी आली. मी पुसू दिली नाही.

शेवटच्या रविवारी झाकण उचलून त्याने ड्रॅगन टेबलावर ठेवला, तेव्हा ती चार मुले काही वेळ गप्प बसली. मग एकजण म्हणाला, "हा माझ्याकडेच बघतोय." दुसऱ्याने सांगितले, "नाही, माझ्याकडे." त्या तिरप्या रेघेमुळे दोघांचेही खरे होते. गोष्ट मध्यरात्रीनंतर संपली. ड्रॅगन पडला, हे मला सकाळी चहाच्या वेळी कळले.

ऑगस्टमध्ये पुण्याहून भाच्याचा फोन आला. प्रवासात एका पंखाच्या कडेचा रंग उडाला होता, आणि वसतिगृहात खेळायला तीन नवी मुले मिळाली होती. कडेचा रंग कोणत्या प्रमाणात मिसळला होता, हे त्याला हवे होते. मी वही काढली आणि वाचून दाखविले: तांबडा तीन थेंब, नारिंगी दोन, पिवळा कुंचल्याच्या टोकाएवढा, आणि पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यावयाचा नाही.