क्वचित वापरातले पाणी

आमच्या जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की तो विहीर, बोअर, टँकर आणि मुळा-प्रवरेची आवर्तने यांच्यापलीकडे सहसा जात नाही. गरम पाण्याच्या टबाविषयी या पानांवर लिहावे लागेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते. परंतु घरे बदलली. मुले नोकरीनिमित्त दूर गेली, त्यांनी गावी बंगले बांधले, आणि आमच्या धर्मग्रामातील अशाच एका बंगल्याच्या मागच्या पडवीत चार-पाच माणसे बसतील एवढा फायबरचा टब आला. लोक त्याला सरसकट ‘जकुझी’ म्हणतात. मुलगा नाताळात येतो, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस येतो. तेव्हा टबाचे झाकण निघते. एरवी घरात असते ती त्याची वृद्ध आई. तिच्या गुडघ्यांसाठीच त्याने तो आणला.

जकुझी हे मुळात आडनाव आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. इटलीतून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले हे कुटुंब शेतीच्या विहिरींसाठी पंप बनवीत असे. १९४० च्या दशकात त्यांच्या घरातील एका लहान मुलाला संधिवाताने गाठले. रुग्णालयातील जलोपचार घरीही मिळावा, म्हणून घरच्या टबात पाणी घुसळणारा लहान पंप त्यांनी तयार केला. म्हणजे हा टब आपल्या विहिरीवरच्या पंपाचाच दूरचा भाऊबंद. त्यास चैन म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. एका आजारी लेकराच्या वेदनेतून तो जन्मला आहे.

घराला आशीर्वाद देण्यास गेलो असता आजीबाईंनी आम्हांस हळूच विचारले, “फादर, तुमचं आशीर्वादाचं पाणी थोडं यात टाकून ठेवलं, तर हे खराब होणार नाही ना?”

प्रश्न भोळा होता, पण हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आशीर्वादित पाणी नासत नाही, ही समजूत आपल्या पुष्कळ घरांत आहे. त्या पाण्याच्या बाटल्या वर्षानुवर्षे वेदीशेजारी ठेवलेल्या आम्ही पाहतो. २०१३ साली व्हिएन्ना वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑस्ट्रियातील पवित्र झरे आणि चर्चच्या दारांतील जलपात्रे तपासली, तेव्हा त्यांत रोगजंतू मुबलक सापडले. आशीर्वाद माणसासाठी आणि त्याच्या श्रद्धेसाठी असतो. पाण्याचा स्वभाव तो बदलीत नाही. आम्ही त्यांना म्हणालो, “आजी, घराला आशीर्वाद देतो. टबाला मात्र क्लोरीन लागेल.”

आणि ते लागतेच. लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतो; कोमट, साचलेले पाणी त्याला फार मानवते. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची जी साथ उद्भवली, तिच्यातून तो प्रथम ओळखला गेला. १९९९ च्या फेब्रुवारीत हॉलंडमधील बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात असाच एक टब नुसता मांडून ठेवला होता. त्यात स्नानाला कोणी उतरले नव्हते. जवळून जाणाऱ्यांच्या श्वासात त्याचे तुषार गेले, आणि किमान ३२ माणसे दगावली. हा जंतू पोटातून नव्हे, श्वासातून बाधतो, आणि वृद्धांना व अशक्त फुप्फुसांच्या माणसांना अधिक. ज्या आईसाठी टब आणला, तिलाच त्याचे भय सर्वांत मोठे, ही गोष्ट मुलाच्या ध्यानी आणून देणे आम्हांस अगत्याचे वाटले.

वापर थोडा, म्हणून निगाही थोडी, हा हिशेब येथे उलटा पडतो. रोजच्या टबात कोणी ना कोणी डोकावते, क्लोरीन मोजते. झाकलेल्या टबाकडे कोणी पाहत नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो, आणि नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो. त्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. वरचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, हेच फसवे.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा जुना शहाणपणा आम्हांला आठवतो. स्नानसंस्काराचे कुंड हेही क्वचित वापरातलेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली आलेल्या विधीच्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आहे की पाणी खरे व स्वच्छ असावे, आणि तेथे चिन्हाच्या अर्थाबरोबर आरोग्याचेही कारण दिले आहे. कुंड निर्मळ असावे, थंड हवेत पाणी आधी कोमट करण्याची सोय असावी, आणि पास्खाकाळ सोडून एरवी प्रत्येक संस्कारासाठी पाण्यास नव्याने आशीर्वाद द्यावा, असेही त्यात आहे. आमचे सेमिनरीतील दिवस सरून बराच काळ लोटला. पण त्या नियमांत यजमानीण बाईची दृष्टी आहे, असे आम्हांस तेव्हाही वाटे.

टबासाठी आम्ही तोच मार्ग सुचविला: पाणी भरून ठेवू नये, प्रसंगी भरावे. महिनोन्‌महिने बंद असलेल्या टबात प्रथम पाणी भरून पुरेसा क्लोरीन घालावा, पंप चालवून नळ्या धुऊन काढाव्यात, ते पाणी सोडून द्यावे, आतला भाग घासावा आणि मग दुसरे पाणी भरावे. त्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम असावा, सामू ७ ते ७.८ राहावा, उष्णता ४० अंशांपुढे जाऊ नये. मोजण्याच्या पट्ट्या मिळतात. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर विहिरीला उत्तम, पण तिच्यातील चुना तुषारांची भोके बुजवितो. येथे जलतरण तलावाची पावडर घ्यावी. शौचालय धुण्याचे ॲसिड क्लोरीनजवळ चुकूनही नेऊ नये. त्या दोहोंतून निघणारा वायू जीवघेणा असतो.

पण पाण्याचे काय? असा टब भरण्यास सुमारे १२०० लिटर लागतात, आणि वरील रीतीने दोनदा. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने पाच माणसांच्या घराला एकदाचे पाणी चार दिवसांहून अधिक पुरते. पाथर्डी-पारनेरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून आमचे मत असे की ज्या वर्षी गावात टँकर येतो, त्या वर्षी टब कोरडाच राहावा. गुडघ्यांना गरम पाण्याची बादली आणि टॉवेल यांचा शेकही पुष्कळ आराम देतो.

पाऊसमान बरे असेल तेव्हा टब खुशाल भरावा. वापर झाला की झाकण काढून पाणी दोन-तीन दिवस उन्हात उघडे ठेवावे. क्लोरीन उतरला की पट्टीवर तसे दिसते. मग ते लिंबाच्या वा नारळाच्या आळ्यात सोडावे. आमच्या चर्चमधील कुंडाचे पाणीही आम्ही जमिनीतच मुरवितो. गटारात जाऊ देत नाही. टब रिकामा झाल्यावर नळ्यांतले उरलेसुरले पाणी पंपाच्या तळाची बूच काढून वाहू द्यावे, आत कोरडे फडके फिरवावे, आणि झाकण थोडे उचलून ठेवावे, म्हणजे वारा लागतो.