धाकटीची घोडी

आमच्या घरात 'घोडी' हा शब्द जनावरासाठी फारसा वापरला गेला नाही. 'एवढी घोडी झाली तरी कपबशी विसळता येत नाही' अशा वाक्यात तो यायचा आणि ते वाक्य सासूबाईंचं असायचं. सासूबाईंना दोन मुली. थोरली, म्हणजे ताई, लग्नानंतर कॅनडात गेली आणि टोरोंटोशेजारी ब्रॅम्प्टनला स्थिरावली. धाकटी आमच्याकडे असते. (हे वाक्य लॉकरमधल्या वस्तूविषयी बोलल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं आहे. इतकी वर्षं बँकेत खर्डेघाशी केल्यावर माणसाची भाषा अशीच होते.)

धाकटीचं एक जुनं दुखणं आहे. ती कायम दुसरी आली. शाळेत ताई पहिली, ही दुसरी. गाण्याच्या परीक्षेत ताईला बक्षीस, हिला उत्तेजनार्थ. फ्रॉकसुद्धा ताईला आखूड झाल्यावर हिच्याकडे यायचे.

सासूबाई 2015 साली गेल्या, त्यांच्या मागे दोन पाटल्या राहिल्या. दोन पाटल्या, दोन मुली. माझ्या कारकुनी डोक्याला यापेक्षा स्वच्छ वाटणी सुचली नसती. पण पाटली ही एकेकटी घालायची वस्तू नव्हे, हे कॉमर्सच्या अभ्यासक्रमात नव्हतं. एक पाटली ब्रॅम्प्टनच्या कपाटात, एक आमच्या लॉकरमध्ये. दुसरीनं आपणहून द्यावी असं दोघींनाही वाटे आणि मागायचं मात्र दोघींनीही नाही. दर रविवारी फोन व्हायचा. हवा कशी आहे, मुलांचे मार्क किती, आणि दहाव्या मिनिटाला 'बरं, ठेवते.'

2018 च्या जूनमध्ये शिल्लक रजा आणि बरीचशी शिल्लक मोडून आम्ही ब्रॅम्प्टनला गेलो. चौथ्या दिवशी आमटीत गूळ किती घालावा यावरून दोघी बहिणींचं वाजलं. आई किती घालायची, हा मुद्दा होता. साडूभाऊ मुळात अबोल माणूस. त्यांनी शांतपणे गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चला, रेसला जाऊ."

वुडबाइनचं रेसकोर्स विमानतळाच्या इतकं जवळ आहे की घोडे खालून आणि विमानं वरून धावतात. तारीख 9 जून, रेस वुडबाइन ओक्स. कॅनडात जन्मलेल्या, तीन वर्षं वयाच्या फक्त फिलींची, म्हणजे आपल्या भाषेत उपवर घोड्यांची. अंतर नऊ फर्लांग, बक्षीस पाच लाख डॉलर. हा आकडा ऐकून मी एक खुर्ची पकडली.

साडूभाऊंनी माझ्या हातात रेसचा कागद दिला आणि तिथे मला माहेर भेटलं. प्रत्येक घोडीच्या नावाखाली ओळींमागून ओळी. कुठल्या तारखेला, किती अंतर, कितवी आली, अंगावर किती पौंड होते. शिवाय सकाळच्या सरावात चार-पाच फर्लांग किती सेकंदांत पळाली, तेही. हे चक्क घोडीचं पासबुक होतं! फक्त इथे व्याज मिळत नाही आणि मुद्दल जातं.

त्यात दोन खाती भक्कम होती. एक वंडर गॅडोट. हिचे ट्रेनर मार्क कॅसी, तिथले मोठे नावाजलेले गृहस्थ. मालक सिनेमावाले, म्हणून घोडीचं नाव वंडर वुमन झालेल्या नटीवरून. दुसरी डिक्सी मून. हिच्या ट्रेनर कॅथरिन डे फिलिप्स. ताईनं कागद पाहिला, न पाहिला आणि म्हणाली, "बाईनं तयार केलेली घोडी आहे. माझे दोन डॉलर हिच्यावर."

आमच्या हिनं चष्मा लावून वंडर गॅडोटचं पासबुक वाचलं. डिसेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कला जिंकलेली, पण त्यानंतर एकही विजय नाही. मे महिन्यात केंटकी ओक्ससारख्या मोठ्या रेसमध्ये मोनोमॉय गर्लच्या मागे अर्ध्या लेंग्थनं दुसरी. पळताना धक्का लागला, अशी तिच्या जॉकीनं तक्रारही केली होती. पंचांनी ती फेटाळली. ही चष्मा काढून म्हणाली, "दुसरी आली आणि वर कोणी ऐकूनही घेतलं नाही. माझे हिच्यावर."

घोडीची निवड अशा पद्धतीनं करू नये, असं साडूभाऊंचं मत असावं. पण ते अबोल आहेत हे मी सांगितलंच.

शेवटच्या सरळ पट्ट्यात त्या दोघी खांद्याला खांदा लावून आल्या. आमच्याकडच्या दोघीही उभ्या राहून ओरडत होत्या आणि ज्या भाषेत ओरडत होत्या ती सांगलीची होती. "पळ गं बाई, पळ!" एकीची 'बाई' डिक्सी मून, दुसरीची वंडर गॅडोट. अगदी थोडक्यात डिक्सी मून जिंकली. आमची दुसरी.

परतीच्या वाटेवर ही काही बोलली नाही. गाडीतून उतरताना एवढंच म्हणाली, "पुढची रेस कधी आहे?"

पुढची रेस 30 जूनला होती आणि ती साधीसुधी नव्हती. क्वीन्स प्लेट, 1860 पासून चाललेली. (राणी गेल्यावर 2023 पासून तिचं नाव किंग्ज प्लेट झालं.) अंतर दहा फर्लांग, बक्षीस दहा लाख डॉलर, शिवाय राजघराण्याकडून सोन्याची पन्नास नाणी, तीही जांभळ्या बटव्यात. मुख्य म्हणजे ही फक्त मुलींची रेस नव्हे. इथे मुलग्यांशी पळायचं. फिलींना पाच पौंड ओझ्याची सूट असते, त्यांच्या अंगावर 121 आणि मुलग्यांच्या 126. त्याआधीच्याच वर्षी, 2017 साली, होली हेलेना नावाच्या फिलीनं ओक्स आणि प्लेट दोन्ही मारल्या होत्या. ताईनं हे वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गुणगुणू लागली.

ओक्स आणि प्लेट यांच्यामध्ये मोजून तीन आठवडे. एवढ्यात घोडीला विश्रांतीही द्यायची आणि धारही जाऊ द्यायची नाही. रोज पहाटे हलकं पळवायचं, नंतर अंगातली ऊन उतरेपर्यंत हातानं धरून चालवायचं, पाय तपासायचे, खाल्लं किती ते बघायचं आणि रेसच्या आधी एखाददुसऱ्या सकाळी घड्याळ लावून जोरात सोडायचं. फार पळवली तर रेस सरावातच संपते, कमी पळवली तर रेसमध्ये धाप लागते. साडूभाऊंनी हे सगळं मला भांडी पुसता पुसता समजावलं. त्यांचं त्या महिन्यातलं सर्वांत लांब भाषण तेच.

घरात दुसरी तयारी चालली होती. प्लेटला बायका मोठमोठ्या टोप्या घालून येतात, म्हणून ताईनं परातीएवढी टोपी आणली. आमची म्हणाली, मी पैठणी नेसणार. जेवताना विषय घोड्यांचाच. "तुझीचा दम नऊ फर्लांगांतच संपला होता." "माझी लांब पल्ल्याचीच आहे, बघशील." घोडीच्या नावाखाली नक्की कोणाविषयी बोलणं चाललंय, हे आम्हा दोघा साडूंना कळत होतं. आम्ही खाली मान घालून आमटी ओरपत होतो. ती गोड होती की नव्हती, हे सांगायची माझी आजही हिंमत नाही.

29 तारखेच्या रात्री ताई ओटा पुसता पुसता म्हणाली, "तुझी घोडी पहिली आली ना, तर आईची पाटली तुला."

फडकं थांबलं नाही, पण बाकी सगळं थांबलं. तीन वर्षांत तो शब्द त्या दोघींमध्ये पहिल्यांदा उच्चारला गेला होता. ही म्हणाली, "आणि तुझी आली तर माझी तुला." मी म्हणालो, "अहो, सोन्याचा भाव..." दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो.

30 जूनला ऊन असं तापलं होतं की पैठणी आणि टोपी दोन्ही निर्णय चुकले. खिडकीवर मी दोन तिकिटं काढली, दोन-दोन डॉलरची. चार डॉलरच्या मागे दोन पाटल्या! एवढ्या कमी मार्जिनवर आमच्या बँकेत कोणी सायकलसाठीसुद्धा कर्ज दिलं नसतं.

त्या रेसचं वर्णन करण्यासारखं फार काही नाही, कारण ती शेवटी रेस उरलीच नाही. सरळ पट्ट्यात जॉन व्हेलास्केझ नावाच्या त्या जॉकीनं वंडर गॅडोटला सोडली आणि ती मुलग्यांच्या घोळक्यातून जी सुटली, ती चारहून जास्त लेंग्थनं पहिली. डिक्सी मून मागे राहिली. ही ओरडली नाही, उडी मारली नाही. पदर तोंडाला लावून खाली बसली. ताईनं आपली टोपी काढली आणि तिला वारा घालू लागली.

जिंकलेलं तिकीट खिडकीवर द्यायला मात्र ती तयार होईना. मी म्हणालो, "अगं, नंतर कोण पैसे देणार? तीन महिन्यांनी चेकसुद्धा शिळा होतो." ती म्हणाली, "पहिलं आल्याचा कागद आहे हा, राहू दे." तो आजही आमच्या कपाटात आहे, न वटवलेला. माझ्या डोळ्यांदेखत घरात असं काही असावं, याचा मला अधूनमधून त्रास होतो.

विमानतळावर ताईनं रुमालात बांधलेली पाटली हिच्या हातात दिली आणि मला म्हणाली, "तुम्ही वजन करून घ्या हो, बँकवाले." तेव्हा मी बॅगांचं वजन करत होतो, त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. पाहिलं नाही असंच सांगायचं ठरलं आहे. भारतापर्यंत ही एका हातात एकच पाटली घालून बसली होती.

जुलैत वंडर गॅडोटनं फोर्ट एरीला प्रिन्स ऑफ वेल्सही जिंकली. ही मला ऑफिसात फोन करून म्हणाली, "माझी परत पहिली." मी काउंटरवर होतो. समोरच्या पेन्शनरनं माझं अभिनंदन केलं.

त्यानंतर आणखी एक जिंकली असती तर कॅनडाचा ट्रिपल क्राउन होता. पण घोडीच्या माणसांनी तिला तिकडे न नेता अमेरिकेत, साराटोगाच्या ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये, तिथल्या तगड्या मुलग्यांपुढे उभी केली. 25 ऑगस्टला. आमच्याकडे तेव्हा 26 ची पहाट उजाडायची होती. साडेतीनला फोन वाजला. अशा वेळेला येणारा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच मला माहीत. मी देवाचं नाव घेत उचलला.

"तिला दे," ताई म्हणाली.

मग मला एकच बाजू ऐकू येत होती. "काय सांगतेस... पार मागे?... अगं पण दमली असेल, किती पळवायचं एका पोरीला... हसू नकोस, तायडे." मग बराच वेळ ही नुसती हसत होती. मग म्हणाली, "पाटली पाठवू का परत?" पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण ही म्हणाली, "बरं, पुढच्या जूनला बघू."

मी कूस बदलली. दूधवाला आला तेव्हाही फोन चालू होता. मी उठून चहा टाकला, तिच्या पुढ्यात कप ठेवला आणि जाता जाता ऐकलं. विषय आमटीतल्या गुळाचाच होता.