रुजवात

डाकोटा विमान मी पाहिले त्याच्या आधी ऐकले. 1950 सालच्या नाताळात, माझ्या वयाच्या अकराव्या वर्षी, आई आम्हा भावंडांना घेऊन जबलपूरहून नागपूरला माहेरी निघाली होती; सातपुड्याची अरण्ये ओलांडीत नैनपूर-बालाघाटवरून गोंदियापर्यंत अरुंद रुळांच्या गाडीने आणि तेथून पुढे मोठ्या गाडीने, असा तो कंटाळवाणा आणि तरीही वर्षभर वाट पाहायला लावणारा प्रवास असे. माझे थोरले मामा रेल्वे टपाल सेवेत होते, आणि त्या सुमारास त्यांची नेमणूक सोनेगावच्या विमानतळावर, रात्रीच्या टपालावर झाली होती. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, 1949 च्या आरंभी, ही व्यवस्था सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, ती चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत जात. त्यामुळे मद्रासेस संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या बटवड्यात सामील होई.

एका रात्री, माझ्या हट्टापुढे हार खाऊन, मामांनी मला बरोबर नेले. थंडी कडाक्याची होती. टपालाच्या लाल हातगाड्यांपाशी घोंगडी पांघरून मी उभा होतो. आणि काळोखात, काहीही दिसण्यापूर्वी, आकाशाच्या एका कोपऱ्यातून एक आवाज भरती-ओहोटीसारखा वाढत आणि ओसरत आमच्याकडे येऊ लागला. मामांनी मान किंचित कलती केली. "घुमतंय, ऐकतोस ना?" ते म्हणाले. "दोन इंजिनं अजून एकमेकांशी जुळली नाहीत. दोन तंबोरे थोडे बेसूर असले की असाच घुमारा येतो. आत बसलेल्या माणसानं जरा हात लावला की जाईल." आणि खरोखरच थोड्या वेळाने तो घुमारा विरघळून एकच सलग, खर्जातला नाद उरला. माझ्या आयुष्याला पुढे जे वळण लागले त्याचे मूळ मी त्या क्षणात मानतो.

विमान उतरले, आणि नाक वर व शेपूट जमिनीला टेकलेली अशा त्याच्या त्या विशिष्ट ऐटीत थांबले. पण मामांचे काम आता कोठे सुरू होत होते. प्रत्येक थैली यादीशी ताडून पाहायची, लाखेचा शिक्का शाबूत आहे की नाही हे कंदिलाच्या उजेडात बघायचे, आणि मग देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही सही करायची. याला ते रुजवात म्हणत. एका थैलीचा आकडा जुळेना तेव्हा, वैमानिक घड्याळाकडे पाहत उभा असताना, मामांनी अवघी गाडी पुन्हा मोजली. चूक यादीत निघाली. ती दुरुस्त करून त्यांनी शेजारी सही केली, आणि मगच विमानाला मोकळीक मिळाली.

घरी, जबलपूरला, हाच शब्द वेगळ्या रूपाने नांदत होता. वडील गन कॅरेज फॅक्टरीत टर्नर होते. 1904 साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याने आमच्या शहरातील कित्येक पिढ्यांचे हात घडविले, आणि तोफेच्या गाड्याची एखादी खीळ मापात आहे हे नुसत्या नजरेने ठरविणे हा तेथे अपराध समजला जाई. एका बाजूने आत गेले पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने जाता कामा नये, असे ते दुहेरी गेज वडिलांच्या बोलण्यात इतके मुरले होते की आम्हा मुलांच्या अभ्यासाची परीक्षाही ते त्याच परिभाषेत घेत. काश्मीरच्या युद्धाकडेही ते याच नजरेने पाहत. 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांच्या शीख पलटणीच्या तुकडीला घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरला उतरली; पुढे वायुसेनेच्या मेहर सिंग यांनी शत्रूने वेढलेल्या पूंछमध्ये घाईने तयार केलेल्या पट्टीवर डाकोटा उतरविले आणि 24 मे 1948 रोजी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून हिमालयाच्या रांगा ओलांडीत थेट लेह गाठले. या वार्ता वडील वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवीत. पण त्यांचे कौतुक शौर्यापाशी थांबत नसे. इतक्या उंचीवर, विरळ हवेत, ती इंजिने कोणी तयार ठेवली होती, असे ते विचारीत, आणि उत्तर नसल्यामुळे वर्तमानपत्राची घडी घालीत.

1958 साली मी मुंबईस, सांताक्रूझच्या एका विमान कर्मशाळेत उमेदवार फिटर म्हणून लागलो, आणि त्यानंतरची बारा वर्षे डाकोटाच्या सहवासात काढली. या विमानाचा मूळ जन्म युद्धासाठी झालेला नव्हता. 17 डिसेंबर 1935 रोजी, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर बत्तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथून डग्लस कंपनीचे हे उतारूंचे विमान पहिल्यांदा आकाशात गेले. दिवसा एकवीस उतारू नेणारे ते साधन पुढे महायुद्धाने हाती धरले, त्याची सर्व रूपे मिळून दहा हजारांहून अधिक बांधली गेली, आणि युद्ध संपताच त्यांतील पुष्कळशी लष्करी मालातून निघून नागरी सेवेत आली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने 1940 साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगलोरला जो विमानांचा कारखाना उभा केला, त्यात अशा कितीतरी डाकोटांचे लष्करी अंतरंग काढून उतारूंच्या आसनांची सोय करण्यात आली. 1953 साली आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मास आली तेव्हा तिच्या ताफ्याचा फार मोठा भाग हीच विमाने होती.

या विमानाला उड्डाणक्षम ठेवणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसास सांगणे कठीण आहे, कारण त्यात नेत्रदीपक असे काहीच नाही. प्रत्येक इंजिनात दोन वर्तुळांत मांडलेले चौदा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडराला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका विमानावर छप्पन्न. ते सारे काढायचे, साफ करायचे, तपासायचे आणि ठराविक ताणाने पुन्हा बसवायचे. विमान रात्रभर उभे राहिले की तेल हळूहळू झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते, आणि तशा स्थितीत इंजिन चालू केले तर दट्ट्याला वाट न मिळून त्याचा दांडा वाकतो. म्हणून सकाळी प्रथम आम्ही पंख्याची पाती एकामागून एक हाताने फिरवीत असू. एखादे पाते अडले तर त्यावर जोर करायचा नाही, खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचे. अडलेल्या पात्याशी बळजबरी करण्याची जी ऊर्मी तरुण हातात उठते, ती ओळखून आवरणे हा या विद्येचा पहिला धडा होता. तेलाच्या गाळणीत चकचकीत कण दिसला की त्यावर चुंबक धरायचे. कण चिकटला तर पोलाद झिजते आहे, न चिकटला तर दुसरा धातू, आणि त्यावरून आतला कोणता अवयव दुखतो आहे याचे अनुमान बांधायचे. मधल्या भागाला बाहेरचे पंख जेथे बोल्टांच्या लांब ओळीने जोडलेले असत, त्या सांध्यावरची पट्टी काढून समुद्राच्या खाऱ्या हवेने धातू कोठे पोखरला आहे का, हे भिंगातून बघायचे. शरीर सारे धातूचे असले तरी शेपटीची आणि पंखांची हलती पाने कापडाने मढविलेली असत. त्यांवर चढविलेल्या डोपचा वास पिकल्या केळ्यासारखा गोडसर असे, आणि आजही तो कोठे आला तर मी क्षणभर थबकतो.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, विमानास उशीर होत असताना मी एका नटाला लॉकिंग वायर बांधली आणि कामाच्या तक्त्यावर सही केली. आमचे फोरमन कोल्हापूरकडचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ. त्यांनी विजेरी धरली, तारेवर बोट ठेवले आणि विचारले, "ही तार नटाला घट्ट बाजूला ओढते की सैल?" तार उलटी बांधली गेली होती, नट हादऱ्यांनी ढिला होऊ लागला असता तर त्याला अडविण्याऐवजी ती वाट देणार होती. ते रागावले नाहीत. त्यांनी त्या इंजिनावरचे मी त्या दिवशी केलेले प्रत्येक काम उघडून दाखवावयास लावले, आणि ते पुरे होईपर्यंत, सुमारे तीन तास, स्वतः पावसात माझ्या शेजारी उभे राहिले. त्या तीन तासांत मामांचा कंदील मला पुनःपुन्हा आठवत होता. सही म्हणजे काम संपल्याची नोंद, अशी माझी समजूत होती. तिच्यामागे एकवीस अनोळखी माणसांनी आपला जीव तारण ठेवलेला असतो, हे त्या रात्री माझ्या हाडांपर्यंत गेले.

विमानाची दप्तरेही आम्हांला विमानाइतकीच जपावी लागत. सांगाड्याचे एक पुस्तक, प्रत्येक इंजिनाचे स्वतंत्र, प्रत्येक पंख्याचे स्वतंत्र. एका विमानातून उतरविलेले इंजिन दुरुस्त होऊन दुसऱ्यावर चढे तेव्हा त्याचे पुस्तकही त्याच्याबरोबर तिकडे जाई. दहा-पंधरा वर्षांत एखाद्या डाकोटाची इंजिने, पंखे, चाके, पत्रे, नळ्या इतक्या वेळा बदलल्या जात की मूळ धातू किती उरला, हा प्रश्नच गैरलागू होई. जे अखंड राही ते नोंदींचे सूत्र: अमुक दिवशी अमुक माणसाने हे पाहिले, आणि ते योग्य आहे असे आपल्या नावानिशी लिहून दिले. त्यातला एक दुवा गहाळ झाला तर उत्तम स्थितीतले विमानही जमिनीवरच राही, आणि ते योग्यच होते.

1970 मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे मी जबलपूरला परतलो आणि नव्याने उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत नोकरी धरली. शक्तिमान ट्रकांच्या गोंगाटात उरलेली कारकीर्द गेली. तिच्याविषयी तक्रार नाही, पण तिच्याविषयी लिहावे असेही फारसे नाही. दरम्यान डाकोटा प्रवासी मार्गांवरून मावळले, 1988 साली वायुसेनेनेही त्यांना निरोप दिला, आणि संग्रहालयाच्या हिरवळीवर मुकी उभी राहिलेली त्यांची कलेवरे पाहण्याचे मी कटाक्षाने टाळू लागलो.

म्हणून 2018 साली जेव्हा वाचले की आयर्लंडमध्ये भंगारात पडलेले एक डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जीर्णोद्धार करवून, वायुसेनेस भेट दिले आहे, तेव्हा मला कितीतरी दिवस नीट झोप लागली नाही. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, स्वतः डाकोटाचे वैमानिक. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना या भेटीचा स्वीकार झाला. एप्रिलमध्ये ते विमान युरोप आणि अरबस्तान ओलांडून, स्वतःच्या दोन इंजिनांच्या बळावर, मजल दरमजल करीत जामनगरला उतरले, आणि 4 मे रोजी हिंडनच्या तळावर सेवेत दाखल झाले. त्याचे नाव परशुराम. आमचे घराणे मूळचे चिपळूणकडचे, त्यामुळे समुद्र मागे हटविणाऱ्या त्या देवाचे नाव समुद्रावरून आलेल्या विमानास मिळाले याचा मला झालेला आनंद थोडा घरगुतीही होता.

त्याच्या अंगावर व्हीपी 905 हा क्रमांक रंगविला आहे. श्रीनगरला प्रथम उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. ते हे विमान नव्हे, मग हा क्रमांक याला का, असा आक्षेप माझ्या एका विद्वान स्नेह्याने घेतला. मला तो पटला नाही. ज्याने एका विमानाचे हृदय दुसऱ्यात बसविले आणि त्यासोबत त्याची वही सोपविली, त्याला क्रमांकाचा वारसा म्हणजे काय हे ठाऊक असते. जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आमच्याच शहरात असल्याने त्या 1947 च्या थंडीची आठवण येथे अजून जिवंत आहे. तिला उडणारे एक शरीर मिळाले, एवढे मला पुरेसे आहे.

चिंता मला वेगळीच वाटत असे. जुन्या इंजिनांना लागणारे विमानांचे पेट्रोल आपल्याकडे परदेशातून आणावे लागे. 2022 साली इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार करून हिंडनलाच त्याचा आरंभ केला, तेव्हा ही एक चिंता थोडी हलकी झाली. सुटे भाग शोधता येतात, प्रसंगी घडविता येतात. अडलेले पाते हाताला कसे लागते, हे मात्र पुस्तकातून पोहोचत नाही. ते ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापैकी फार थोडे आता हयात आहेत.

8 ऑक्टोबर 2018 च्या वायुसेना दिनाला मी हिंडनला होतो. माझा भाचेजावई वायुसेनेत आहे. त्याने जबलपूरहून दिल्लीपर्यंतच्या रात्रीच्या प्रवासाची काळजी घेतली आणि कुटुंबीयांसाठी राखलेल्या जागेत मला नेऊन बसविले. त्याने दुर्बीण देऊ केली. मी घेतली नाही. ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली, आणि उजव्या हाताला, धुरकट क्षितिजाजवळ, तो आवाज आला. दूर असताना त्यात घुमारा होता. माझी मान आपोआप कलती झाली. भाचेजावई काहीतरी सांगू लागला, त्याला मी हातानेच थांबविले. विमान मैदानाच्या वर येईपर्यंत घुमारा नाहीसा झाला होता.