दिल्लीकराची हिवाळी चाके

दिल्लीच्या थंडीविषयी पुण्यामुंबईच्या आप्तेष्टांना जे कौतुकमिश्रित भय वाटते, त्याचा लाभ आम्ही द्वारकावासी मराठी मंडळी वर्षानुवर्षे निःसंकोच घेत आलो आहोत. लग्नकार्य टाळायचे असले की थंडीचे निमित्त पुढे करावे आणि पाहुणे घरी आले की गळ्याला मफलर गुंडाळून त्यांच्यासमोर पराक्रमी मुद्रेने बसावे, हा आमचा शिरस्ता. मोटारीच्या टायरांची साक्ष काढली, तर मात्र ही थंडी मुळी थंडीच नव्हे असा निर्वाळा ते देतील. आणि तो निर्वाळा सप्रमाण समजून घेण्यात माझा एक अख्खा हिवाळा खर्ची पडला.

निमित्त घडले ते मनालीच्या मनसुब्याचे. मुलांना बर्फ पाहायचा होता आणि आमची गाडी, म्हणजे अंगापिंडाने जीपसारखी दिसणारी परंतु वस्तुतः पुढच्या दोनच चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी कुटुंबवत्सल क्रॉसओव्हर, नवी नसली तरी धडधाकट होती. अशा वेळी माझा म्युनिकनिवासी भाचा सुट्टीवर आला, त्याने तळघरात जाऊन आमच्या टायरांवर बोट फिरवले आणि वर येऊन चहाचा पेला हाती घेण्यापूर्वीच म्हणाला, "मामा, या टायरांवर तुम्ही पोरांना बर्फात नेणार? आमच्याकडे विमेवाला दारात उभा करणार नाही." जर्मनीत ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत हिवाळी टायर घालण्याची वहिवाट आहे, रस्त्यावर बर्फ वा हिम असेल तेव्हा तसे टायर असलेच पाहिजेत, असा तिथला २०१० पासूनचा कायदा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण कोरलेले चिन्ह ज्यावर नाही, तो टायर त्या कायद्याच्या दृष्टीने हिवाळी नव्हेच. हे सारे त्याने मला अशा स्वरात सांगितले, की द्वारकेच्या सेक्टरात राहून मी काही गुन्हा करीत आहे असे क्षणभर वाटले.

त्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या निर्दोष होते. सामान्य टायराचे रबर सुमारे सात अंश सेल्सियसच्या खाली गेले की थिजलेल्या तुपासारखे कठीण होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून त्याला धरून ठेवण्याचे आपले मूळ कर्तव्य विसरते. हिवाळी टायराच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांची योजना अशी केलेली असते, की शून्याखालीही ते लवचीक राहावे. शिवाय त्याच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या चिरा असतात, त्या जमिनीला टेकताना उघडतात आणि हिमाला चावा घेतात. खोल खाचांत जो बर्फ दाबून बसतो, तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, कारण बर्फावर बर्फाची पकड रबराहून अधिक असते. म्हणूनच आपल्याकडे मोटारीच्या टायराला कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरत असली, तरी हिमप्रदेशातले जाणकार चार मिलिमीटरच्या खाली गेलेल्या हिवाळी टायराला निवृत्तीचा हुकूम देतात. या विद्येचा उगम फिनलंडात. नोकियन या आज जगप्रसिद्ध असलेल्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर घडवला.

परंतु फिनलंडची विद्या पालमच्या कुशीत आणून उपयोग काय? सफदरजंगच्या वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी पारा १.१ अंशापर्यंत उतरला, हे खरे. पण जानेवारीतही आमच्याकडे दुपारी वीस अंशांच्या आसपास ऊन पडते, आणि सात अंशांची ती सीमा पहाटेच्या चार घटकाच काय ती ओलांडली जाते. पुढे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या डांबरावर ते मऊ रबर झिजून जाईल, ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाईल, आणि बाकीचे दहा महिने ती चार चाके सांभाळायची तर कुठे? "गॅलरीत पापड वाळत घालायचे की तुमचे टायर?" असा रोखठोक सवाल सौभाग्यवतींनी टाकला, त्याला भाच्याकडेही जाबजबाब नव्हता.

तरीही बाजार पाहिल्यावाचून निकाल द्यायचा नाही, अशा निश्चयाने मी काश्मिरी गेटला गेलो. मोटारीच्या सुट्या भागांचा तो अफाट मुलूख ज्याने पाहिला नाही, त्याला दिल्लीचा व्यापार कळला असे मी मानणार नाही; हातगाड्या, हमाल, तेलकट गोण्या आणि अरुंद जिन्यांवरच्या पेढ्या यांतून वाट काढीत मी हिवाळी टायरांची चौकशी करीत गेलो. बहुतेकांनी हसून मान हलवली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित सदरात घातल्यापासून परवान्यावाचून परदेशी माल येत नाही, आणि देशात अशा टायरांना गिऱ्हाईक तुरळक. एका वृद्ध दुकानदाराने मात्र मला बसवून घेतले, चहा मागवला आणि एक टायर आडवा टाकून त्याची कुंडली मांडली. २१५/६५ आर १६: पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या शेकड्यात, तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत. शेजारी 'एम अधिक एस' ही अक्षरे होती, म्हणजे चिखल आणि हिम. पण ही पदवी कारखानदार स्वतःच स्वतःला बहाल करतो, पर्वत-हिमकणाचे चिन्ह मात्र हिमावरची परीक्षा दिल्यावाचून मिळत नाही, हा भेद त्या गृहस्थांना पुरता ठाऊक होता. शेवटी त्यांनी बोटाने धूळ पुसून एका लंबगोलातले चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "बाबूजी, माल की उमर इसमें लिखी है, दुकानदार की ज़बान पर मत जाना," असे ते म्हणाले, आणि आपल्या मालाची उमरही त्यांनी न मागता सांगितली. व्यापाऱ्याचा असा खुलेपणा मला एरवी फारसा भेटलेला नाही.

तेथेच माझा विचार टायरावरून रिमकडे वळला. आमच्या गाडीला सतरा इंची अलॉयची चाके होती, आणि त्यांवरचा ६० च्या मालिकेतला टायर दिसायला देखणा. पण त्याच गाडीच्या स्वस्त प्रकाराला कंपनी स्वतःच सोळा इंची पोलादी रिम आणि त्यावर वर सांगितलेल्या मापाचा, अधिक उंच भिंतीचा टायर देते. हिशेब मांडला तर सतरा इंची चाकाचा एकूण व्यास ६९० मिलिमीटर आणि सोळा इंचीचा ६८६; फरक शेकडा एकाहूनही कमी, म्हणजे वेगाचा काटा खोटे बोलणार नाही. भिंत उंच असल्याने खड्ड्याचा आघात रबर झेलते, रिमपर्यंत पोचू देत नाही. पोचलाच तर पोलाद वाकते आणि ठोकून सरळ होते, अलॉय मात्र तडकते. शिवाय आमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात बर्फाची साखळी चढवण्यास सतरा इंची चाकांना मनाई आणि सोळा इंचींना मुभा होती, कारण मोठ्या चाकावर साखळीला आतल्या बाजूस जागा उरत नाही. हे कलम वाचल्यावर हिवाळी टायरांचा विषय मी दप्तरदाखल केला, आणि चार पोलादी रिम, चिखल-हिमाच्या शिक्क्याचे चार टायर आणि पुढच्या चाकांपुरती साखळ्यांची एक जोडी एवढ्याच खरेदीची तजवीज केली. अलॉयचे नट पोलादी रिमला चालतीलच असे नाही, त्यांच्या बैठकीचा आकार वेगळा असू शकतो, ही दक्षता घेऊन मी नटही वेगळे घेतले. आणि बसवणाऱ्या पोराने हवेच्या बंदुकीने ते धडाधड आवळले, तेव्हा मापाचा पाना आणवून ते सैल करवून पुन्हा मोजून आवळून घेतले. त्या पोराच्या मते हा म्हातारपणाचा चाळा होता. शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर मी ते पुन्हा तपासले, तेव्हा एक नट किंचित फिरला.

हवेचे प्रकरण मात्र खरोखर चित्तवेधक आहे, आणि दिल्लीच्या हिवाळ्याने टायराकडे काही मागितलेच, तर ते हेच. ऑक्टोबरच्या तेहतीस अंशांच्या दुपारी ३३ पौंड हवा भरलेली गाडी जानेवारीच्या पाच अंशांच्या पहाटे २८-२९ पौंडांवर येते. कोठे गळती नसते, केवळ हवा आकसते. अशा अर्धपोटी टायरावर यमुना एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवरून आग्र्याकडे निघणारी शेकडो कुटुंबे मी पाहतो, आणि धुक्यामुळे तिथे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी वेगमर्यादा शंभरावरून पंचाहत्तरावर आणतात, त्याने त्यांचे रक्षण होत असावे असे वाटते. डोंगरात याच्या उलट गंमत होते: मनाली दोन हजार मीटरवर, तिथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे तीन पौंडांनी कमी, म्हणून थंडीने जे उणे केले ते उंची भरून काढते आणि पंपावरचा काटा दिल्लीचाच आकडा दाखवतो. सोबत्यांपैकी कोणी "बर्फासाठी हवा कमी करा" असा सल्ला दिला, तो मी मानला नाही. तो वाळूचा नियम आहे, आणि परतीच्या सपाट रस्त्यावर तीच कमी हवा भोवते.

साखळी चढवण्याची तालीम आम्ही डिसेंबरातल्या एका रविवारी तळघरातच केली. सौ. मोठ्याने सूचनापत्र वाचत होत्या, मी जमिनीवर पालथा पडून चाकामागे हात घालीत होतो, आणि साखळीचे कडे दर वेळी नेमके टायराखालीच अडकत होते. आमचा गढवाली पहारेकरी बराच वेळ संयमाने पाहत राहिला. शेवटी "साहब, पहले अंदर वाला हुक, फिर बाहर वाला," एवढे बोलून त्याने मला बाजूस सारले, चाकाच्या पाठीमागचे कडे आधी जोडले, साखळी वरून पसरली, बाहेरचे कडे अडकवले, गाडी हातभर पुढे घ्यायला लावली आणि उरलेली ढिलाई खेचून घेतली. सीमा सडक संघटनेच्या रस्त्यांवर लष्करी ट्रकांना साखळ्या चढताना पाहतच तो लहानाचा मोठा झाला होता.

जानेवारीच्या आरंभी आम्ही निघालो. पानिपत ओलांडताना गाडीतल्या मराठी माणसांचे संभाषण आपोआप थांबते, त्याला आम्ही अपवाद नव्हतो. १४ जानेवारी १७६१ ला ज्यांनी या थंडीत उपाशीपोटी शस्त्र धरले, त्यांच्या मानाने आमच्या साखळ्या आणि थर्मासचा बारदाना काहीसा लाजिरवाणाच. किरतपूरच्या पुढचे बोगदे, मंडी, कुलू हे सारे निर्विघ्न पार पडले. मनालीच्या वर नेहरू कुंडाशी मात्र पोलिसांनी अडवले: वर ताजा बर्फ, सबब चारही चाकांना शक्ती असलेल्या गाड्याच पुढे जातील, असा हुकूम. मी साखळ्यांची पिशवी दाखवली. हवालदाराने ती पाहिली, हसला, आणि गाडी कडेला लावण्याची खूण केली. अटल बोगदा, तो ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला नऊ किलोमीटरचा चमत्कार, त्या दिवशी आमच्यासाठी बंदच राहिला, आणि सोलंगपर्यंत आम्ही एका स्थानिक जीपवाल्याच्या हवाली झालो. देवदारांच्या सावलीतल्या एका वळणावर रस्ता नुसता ओला दिसत होता. तिथे त्याने वेग माणसाच्या चालीवर आणला, ब्रेकला पाय लावला नाही, आणि रात्री वाहून गोठलेल्या पाण्याचा तो पारदर्शक थर आम्हांला दाखवला. त्या काचेवर कोणत्याही देशाचा टायर फारसे काही करीत नाही, असे त्याचे मत पडले, आणि खिळ्यांच्या टायरांचा अपवाद सोडला तर मलाही ते मान्य आहे. आमच्या साखळ्या कामी आल्या त्या दुसऱ्या दिवशी, वशिष्ठाच्या चढावर, अतिथिगृहाच्या दारापर्यंतच्या अंतरापुरत्या. डांबर दिसताच त्या काढल्या, कारण कोरड्या रस्त्यावर साखळी टायरालाच कापते.

परतल्यावर साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन ठेवल्या. सोळा इंची चाके रिमसकट एकावर एक आडवी रचली (रिमवाचून टायर असते तर ते उभे ठेवून महिन्यामहिन्याने फिरवावे लागते), ऊन लागू नये म्हणून जाड कापडाने झाकली आणि पाण्याच्या मोटारीपासून दूर ठेवली, कारण विजेच्या ठिणगीतून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. गॅलरीचा तह असा झाला, की पापडांना रेलिंगकडची बाजू मिळाली.

तो तह पावसाळ्यापर्यंतच टिकला. ऑगस्टात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने पुढच्या डाव्या अलॉयची कड तडकवली. मायापुरीत ती वेल्डिंग करून देण्याची तयारी दोघांनी दाखवली, पण तापवून जोडलेल्या चाकावर पोरांना बसवण्यास माझे मन घेईना. सोळा इंची पोलादी चाके गॅलरीतून खाली उतरली आणि आता बारमाही गाडीखालीच आहेत. उरलेल्या तीन अलॉयांची किंमत समोरच्या इमारतीतले एक सरदारजी करून गेले आहेत. सौदा दिवाळीपूर्वी व्हावा, असा सौ.चा आग्रह आहे.