विंडोज शिकून गेले, समोर उबुंटू

सरकारी नोकरीला लागतो तो कॉम्प्युटरचा कोर्स बारामतीत केला, रेमिंग्टन कीबोर्डवर मराठी तीसची परीक्षा दिली आणि कनिष्ठ लिपिक म्हणून इंदापूरच्या कोर्टात हजर झाले. कॉम्प्युटर लावला तर स्टार्टचं बटणच नाही. वर्ड शोधत होते, सापडलं लिब्रेऑफिस. वाटलं, कुणीतरी विंडोजची स्वस्तातली नक्कल बसवून दिलीय.

"ताई, फुकटचं हाय म्हणून हलकं समजू नका," शेजारचे सीनिअर म्हणाले. "हायकोर्टाखालच्या सगळ्या कोर्टांत हेच चालतं."

ते खरं निघालं. 2007 पासून चालू असलेल्या ई-कोर्ट प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. न्यायाधीशांनासुद्धा उबुंटू लिनक्सचं प्रशिक्षण दिलं. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुण्यातल्या लोकांनी तयार केली. देशभरच्या तालुका-जिल्हा कोर्टांचं सॉफ्टवेअर आपल्या पुण्यातलं, हे मला इंदापुरात बसून कळलं!

फायदा म्हणजे लायसन्सचे पैसे वाचतात, एवढंच मी धरून चालले होते. तेही काही कमी नाहीत. पण एके दिवशी नोंद घालताना खटल्यांच्या प्रकारांच्या यादीवर अडखळले: आर.सी.एस., आर.सी.सी., एस.सी.सी., रेग्युलर दरखास्त. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी 'दरखास्त' दाखल करायची, ही आपल्या मुंबई हायकोर्टाकडची रीत. दुसऱ्या राज्यांत नावं वेगळी, पद्धती वेगळ्या. मग सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर कसं पुरतं? तर गाभा देशभर एकच, आणि त्याभोवतीचा भाग प्रत्येक हायकोर्ट आपापल्या रीतीप्रमाणे जोडून घेतं. कोड आपल्याच हातात, त्यामुळे एखादा रकाना वाढवायला कुठल्या कंपनीची मनधरणी नको. माझ्या मते खरी कमाई ही आहे. पैशांचा नंबर त्यानंतर.

पक्षकारांना यातलं काही माहीत नसतं, असायचं कारणही नाही. त्यांना एमएचपीयूने सुरू होणारा आपल्या खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर हवा असतो. तो मोबाइलवर टाकला की पुढची तारीख दिसते, उजनीकाठच्या गावातून नुसती तारीख विचारायला यायचा हेलपाटा वाचतो. हे मुक्त सॉफ्टवेअरशिवाय झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. सगळ्या कोर्टांच्या नोंदी एका साच्यात आल्या, म्हणून झालं.

त्रास मात्र आहे. रेमिंग्टनवर बसलेला हात इथल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आणणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवायला लावणं. म्युनिक शहराने 2003 मध्ये लिनक्स स्वीकारायचं ठरवलं आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला, हे वाचलं तेव्हा तिथल्या कारकुनांची मला कीव आली. दोन्ही वेळा शिकायचं त्यांनीच!

कंटाळून मीही विंडोजच्या बाजूने बोलायला लागले होते, तेवढ्यात एका वकिलांचा टायपिस्ट पेन ड्राइव्ह घेऊन आला. अर्ज जुन्या, विकतच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. उघडला तर मराठीचं एक अक्षर लागेना, नुसती चिन्हं. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्यालाच मजकूर वाचता येणार. युनिकोडमध्ये असता तर कुठल्याही मशीनवर उघडला असता. अर्ज त्यांच्या अशिलाचा, मजकूर त्यांचा, आणि वाचायची किल्ली फॉन्ट विकणाऱ्याकडे! टायपिस्ट म्हणाला, "मॅडम, विंडोज असतं तर उघडलं असतं." सीनिअरांनी त्याला विंडोजवालं एक मशीन दाखवलं. तिथेही तीच चिन्हं.