पाणंदीत मावेल ती मोटार

मालवणला येणारा मुंबई-पुण्याचा माणूस बहुधा किल्ला पाहायला येतो आणि मासे खाऊन परततो. त्यात त्याचे काही चुकते असे नव्हे. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग पाहण्यासारखा आहे, आणि मालवणचे मासे तर खाण्यासारखे आहेतच. पण या पाहुण्यांना एक मालवण कधीच दिसत नाही, आणि ते म्हणजे पाणंदींचे मालवण. भरडावरून बाजारात उतरणारा रस्ता, फोवकांडा पिंपळ, पुढे बंदर, हे सगळ्यांच्या ओळखीचे. त्या रस्त्यांना डावीउजवीकडे ज्या चिंचोळ्या वाटा फुटतात, दोन्ही अंगांनी जांभ्या दगडाचे गडगे, गडग्यांवर शेवाळ आणि वर माडांची झावळे, त्या वाटांच्या टोकाला खरे मालवण राहते. आमचे घरही तशाच एका पाणंदीच्या टोकाला आहे.

बँकेतली माझी नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेली, आणि इकडे घरात ऐंशी ओलांडलेली आमची आत्या एकटी. तेव्हा आम्ही उभयतांनी बोरिवलीची जागा भाड्याने दिली आणि मालवणात येऊन राहिलो. माडांना पाणी घालावे, दुपारी वामकुक्षी करावी, एवढाच बेत होता. पण पावसाळा संपता संपता आत्याच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला, आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला डायलिसिससाठी कुडाळच्या बाजूला न्यावे लागू लागले. जायला तीसेक किलोमीटर, यायला तीसेक. महिन्याचे हिशेबाने जवळजवळ पाचशे किलोमीटर झाले. रिक्षाने पहिले काही आठवडे काढले. जाताना ती बोलत असे, परतताना गप्प असे. चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाला रिक्षाच्या फळीवर बसवून खड्ड्यांतून आणणे हे काही शहाणपणाचे काम नव्हे. मोटार घ्यावयाची ठरली.

आता मोटार घेणे म्हणजे घरात स्थळ आणण्यासारखे आहे. आपण कोणाला विचारले नाही तरी सल्ला देणारे आपणहून येतात. चुलतभाऊ मारुतीच्या ब्रेझाचा वकील, कारण त्याच्याकडे ती आहे. हिचा भाचा टाटांच्या नेक्सॉनचा भक्त, कारण त्याच्याकडे ती आहे. दोघेही इतके दिलदार निघाले, की 'आधी वापरून पाहा, मग बोला' म्हणून आपापली गाडी आठवडाभर आमच्या दारात लावून गेले. अशी सोय लग्नाच्या बाजारातही नसते.

या जातीच्या गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात हे मला भाच्याने शिकविले. मालवणी माणसाला ते समजायला कठीण नाही. ही कलमी जात आहे. जीप किंवा ट्रक म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर ठेवलेला डबा. साध्या मोटारीत सांगाडा आणि डबा एकजीव असतात. क्रॉसओव्हरची खुंटी साध्या मोटारीची, आणि वर कलम बांधले आहे ते जीपच्या उंचीचे आणि रुबाबाचे. फळ कसे लागते ते मात्र झाडागणिक पाहावे लागते.

दोन्ही गाड्यांची लांबी 3995 मिलिमीटर. म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, एका तांदळाच्या दाण्याएवढे. हा योगायोग नव्हे. 2006 सालापासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी आहे, आणि म्हणून सगळे कारखानदार फूटपट्टी घेऊन बसले आहेत. पण कायद्याला लांबी पुरत नाही, इंजिनही मोजावे लागते. पेट्रोलच्या गाडीला 1200 घनसेंटिमीटरची मर्यादा आहे. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन 1199चे, म्हणजे इथेही तांदळाचा दाणा. ब्रेझाचे 1462चे. त्यामुळे 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे जे नवे दर आले, त्यांत नेक्सॉन 18 टक्क्यांत बसली आणि ब्रेझा 40 टक्क्यांत गेली. पूर्वीपेक्षा दोघींवरचा कर उतरला हे खरे, पण एकीवरचा अधिक उतरला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा फरक दिसला नाही तर नवल.

चुलतभावाचे म्हणणे वेगळे होते. "अरे, मोठे इंजिन तुला कशाला खुपते? त्यात टर्बो नाही, भानगड नाही. बाहेरची हवा जशी येते तशी ओढून घेते. आडगावात राहायचे तर साधी यंत्रे बरी." यात तथ्य आहे. नेक्सॉनच्या छोट्या इंजिनात टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात हवा कोंबतो. त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचे काम करते, पण त्याला ऑइल वेळच्या वेळी आणि चांगले लागते. फोंडा घाट चढून मुलीकडे गेलो तेव्हा त्या पंख्याचे महत्त्व कळले, दाजीपूरपर्यंत गाडी कुरकुर न करता चढली. पण घाट वर्षातून चार वेळा, आणि कुडाळ महिन्यातून आठ वेळा. आमच्या निवडीत घाटाला किती गुण द्यायचे हा प्रश्नच होता.

पेट्रोल किती पिते यावर दोघा वकिलांचा एक संध्याकाळभर वाद झाला. शेवटी हिने पाटीवर मांडून दाखविले. महिन्याला 480 किलोमीटर. लिटरला 15 गेली तर 32 लिटर लागतील, 16 गेली तर 30. "दोन लिटरांसाठी एवढा घसा कोरडा कशाला करता?" वाद संपला.

मालवणच्या हवेची मात्र गंमत सांगितली पाहिजे, कारण ती माहितीपत्रकात छापत नाहीत. खारा वारा लोखंडाचा पिढीजात वैरी आहे. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची एक पट्टी; तिथल्या सायकलीसुद्धा मुंबईच्या सायकलींपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणून किनाऱ्यावर फेरी मारून आलात की गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुवायचे, नुसते तोंड नव्हे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोके असतात ती तांबड्या चिखलाने बुजू द्यायची नाहीत. आणि माडाखाली गाडी उभी करायची नाही. आजकाल दोन्ही गाड्या छताला काचेची खिडकी लावून मिळतात. चांदणे पाहायला ती फारच छान. पण सुकलेला नारळ वीस-पंचवीस फुटांवरून येतो तेव्हा तो चांदणे पाहायला येत नाही. आम्ही पत्र्याच्या छताची चौकशी केली.

विजेच्या मोटारीचेही मनात आले होते. नेक्सॉनमध्ये ती मिळते. पण 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले तेव्हा गावोगाव दिवसच्या दिवस वीज नव्हती, हे आत्या विसरलेली नाही. वीज नाही म्हणून मंगळवार चुकला, हे तिच्या बाबतीत चालण्यासारखे नाही.

डिकीचे माप लिटरमध्ये का देतात हे मला अजून उमगलेले नाही. एकीची 328 लिटर, दुसरीची 382. आम्हाला काय डिकीत ताक ओतायचे आहे? पण आत्याची घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, उशी, बदलायचे लुगडे आणि येताना कुडाळच्या बाजारातून घेतलेली भाजी हे सगळे दोन्हींत राहिले. चिवल्याच्या किनाऱ्यावरून आणलेले बांगडे मात्र कुठल्याच डिकीत ठेवू नयेत. तो वास हप्ते फिटेपर्यंत जात नाही.

उंचीचा मुद्दा अनपेक्षित दिशेने आला. ब्रेझा 1685 मिलिमीटर उंच, नेक्सॉन 1620. माझ्या लेखी हे आकडेच होते. पण आत्या म्हणाली, "गणपती खंय बसतलो?" आमच्याकडे चतुर्थीला मूर्ती गणपतीच्या शाळेतून घरी आणायची, आणि आता डोक्यावरून आणणारे कोणी उरलेले नाही. मूर्ती मोटारीतूनच येणार, आणि मागच्या आसनावर बसून येणार, हे तिने परस्पर ठरवून टाकले होते. मी टेप घेऊन दोन्ही गाड्यांत आतून मापे घेतली. चुलतभाऊ या मुद्द्यावर जिंकला.

भाच्याने मग आपले शेवटचे अस्त्र काढले. नेक्सॉन पुणे जिल्ह्यात रांजणगावला तयार होते. हे ऐकताच आत्याने हात जोडले. अष्टविनायकांतला महागणपती ज्या गावी, त्या गावची गाडी! भाच्याला हा परिणाम अपेक्षित नव्हता, तो स्वदेशीवर बोलणार होता.

हिचा विचार यांपैकी कशावरच चालला नव्हता. गाडी चालविणार ती. मी शेजारी बसून 'सांभाळून' एवढेच म्हणतो. तिने एकच विचारले, "धडकली तर?" ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या भिंतीवर आपटून गुण देते. 2018 साली तिने त्या वेळच्या ब्रेझाला चार तारे दिले आणि त्याच वर्षी नेक्सॉनला पाच. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. 2024 साली नव्या रूपातल्या नेक्सॉनला पुन्हा पाच मिळाले. चारही काही वाईट नव्हेत. पण आत्याचे दुखणे कधी हाताबाहेर गेले तर बांबोळीचे गोव्याचे मोठे हॉस्पिटल गाठायचे, म्हणजे चौपदरी महामार्गावरून रात्री-अपरात्री शंभरावर किलोमीटर. त्या रस्त्याचा विचार करून ती बोलत होती, आणि मला त्यावर काही बोलता आले नाही.

अखेर परीक्षा झाली ती मंगळवारच्या रस्त्यावर. मालवणातून निघालो की चौके, मग धामापूर. धामापूरचा तलाव 1530 सालचा म्हणून सांगतात. काठावर भगवतीचे देऊळ, पलीकडे गच्च झाडी, आणि पाणी असे स्थिर की गाडीतूनही आवाज खाली येतो. पुढे नेरूरपारचा पूल, खाली कर्ली, आणि मग कुडाळ. पहिल्या मंगळवारी आम्ही ब्रेझातून गेलो. साध्या छोट्या गाडीत बसणे म्हणजे पाटावर बसणे, मोठ्या जीपमध्ये म्हणजे माळ्यावर चढणे. या जातीची बैठक पडवीतल्या बाकाच्या उंचीची असते. आत्या आधी टेकली, मग पाय आत घेतले. "माका इंजिन बिंजिन कळना नाय, माका बसूक येवक होया," एवढेच तिचे मत होते, आणि ते समाधानाचे होते. येताना ती डोळे मिटून बसून राहिली.

पुढच्या मंगळवारी नेक्सॉन. बसणे तसेच, समाधानही तसेच. येताना नेरूरपार ओलांडल्यावर मी मागे पाहिले तर आत्या झोपली होती. नुसते डोळे मिटणे नव्हे; तोंड किंचित उघडे, हात उशीवरून घसरलेला. डायलिसिस सुरू झाल्यापासून परतीच्या वाटेवर ती कधी झोपली नव्हती. हिने गाडीचा वेग आणखी उतरविला. धामापूर गेले, चौके गेले. भरडावर कुणाचा तरी भोंगा वाजला तेव्हा तिने डोळे उघडले आणि विचारले, "मालवण इला काय रे?"

चुलतभाऊ म्हणतो, त्या दिवशी हवा गार होती, आणि आठवड्यापूर्वीच त्या रस्त्याने गाडी नेल्यामुळे वहिनीला खड्डे पाठ झाले होते. शक्य आहे. मी त्याच्याशी वाद घातला नाही. कुडाळला जाऊन नेक्सॉनचे पैसे भरले, पांढरा रंग, पत्र्याचे छत. गणपतीच्या शाळेत जाऊन यंदा मूर्ती चार बोटे कमी करायला सांगितले. आत्याने त्याला परवानगी दिली, मात्र मुकुटाला हात लावायचा नाही या अटीवर.

राहिली पाणंद. ब्रेझाची रुंदी 1790, नेक्सॉनची 1804, म्हणजे चौदा मिलिमीटरचा फरक. पण आमच्या पाणंदीच्या वळणावर शेजाऱ्याच्या गडग्याचा कोपरा असा बाहेर आला आहे, की तिथे दोन्ही गाड्या आरसे मिटूनच जातात आणि तरी श्वास रोखावा लागतो. हा कोपरा आमचा की त्यांचा, यावर माझ्या आजोबांच्या वेळेपासून बोलाचाल बंद आहे. कोकणात भाऊबंदकीला गडग्यासारखे खत नाही. त्यामुळे आत्याला मोटारीत बसवायचे ते पाणंदीच्या तोंडाशी, आणि घरापर्यंतचे शंभर पावलांचे अंतर घडीच्या खुर्चीतून. पावसात ते काम कसे होते ते सांगण्यात अर्थ नाही.

नवी गाडी आली त्याच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही परतलो, तर वळणावरचा कोपरा नाहीसा झालेला. तिथले सात-आठ चिरे काढून शेजाऱ्याने आपल्या बाजूला रचून ठेवले होते, आणि प्रत्येक चिऱ्यावर खडूने आकडा घातला होता. ते स्वतः माडाच्या बुंध्याशी उभे होते. गेल्या चाळीस वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

"तिका त्रास होता म्हणान काडलंय. म्हातारी आसा तवसर. मगे परत लावतलंय."

हिने आरसे न मिटता गाडी थेट खळ्यापर्यंत नेली.