बोल्सेना : तळ्याकाठचे मासेमारांचे गाव

रोमच्या यात्रेस जाणारी आपली मंडळी थोरली मंदिरे पाहून झाली की बहुधा आसिसी नाही तर पादुआ गाठतात. वाटेतून किंचित बाजूस असलेले बोल्सेना त्यामुळे राहून जाते. रोमच्या उत्तरेस सव्वाशे किलोमीटरांच्या आत हे गाव आहे. आगगाडी गावापर्यंत जात नाही. ओर्व्हिएतो स्थानकावर उतरून मोटारीने डोंगर ओलांडावा लागतो. घाटमाथ्यावरून खालचे निळे पाणी प्रथम दृष्टीस पडते, तेव्हा या आडवाटेचे सार्थक झाले असे वाटल्यावाचून राहत नाही.

हे सरोवर म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीच्या पोटात साठलेले पाणी होय. क्षेत्र सुमारे 114 चौरस किलोमीटर, खोली 151 मीटरपर्यंत, आणि समुद्रसपाटीपासून उंची 305 मीटर. मध्ये दोन बेटे आहेत. थोरल्या बिसेंतीना बेटावर फार्नेझे घराण्याने बांधलेले मंदिर असून, अनेक वर्षे बंद राहिलेले हे बेट 2022 साली प्रवाशांस पुन्हा खुले झाले. धाकट्या मार्ताना बेटावर गॉथांची राणी अमलसुंथा हिला तिच्याच भाऊबंदाने कोंडून ठेवले व 535 साली तेथेच तिचा वध झाला. ती बाई विदुषी होती. आज तिच्या तुरुंगाकडे बोट दाखवून नावाडी पुढे वल्हवतो.

गावचे मूळ नाव व्होल्सिनी. ख्रिस्तपूर्व 264 मध्ये रोमनांनी डोंगरावरील एत्रुस्कन नगर उद्ध्वस्त करून तेथील लोकांस या काठावर आणून वसविले. त्या काळचे अवशेष गावाच्या वरच्या अंगास उघडे पडलेले आहेत. त्याखालीच मोनाल्देस्की घराण्याचा किल्ला आहे. नेपोलियनचा भाऊ ल्युसियाँ याच्या हाती तो पडू नये म्हणून 1815 साली गावकऱ्यांनी आपणच तो पाडून टाकला, अशी त्याची कथा आहे! पुढे त्याची डागडुजी होऊन सांप्रत तेथे वस्तुसंग्रहालय आहे. तळ्याच्या तळाशी सापडलेल्या लोहयुगातील वस्तीच्या वस्तू तेथे पाहावयास मिळतात. किल्ल्यावरून दिसणारा देखावा मात्र आतील कपाटांहून अधिक मोलाचा आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

परंतु भाविकाचे पाय प्रथम वळतात ते संत क्रिस्तिना हिच्या मंदिराकडे. ही कोवळ्या वयाची मुलगी ख्रिस्ती श्रद्धेपायी हुतात्मा झाली. गळ्यात धोंडा बांधून तिला तळ्यात लोटले असता धोंडाच तरंगला, असे परंपरा सांगते. तिच्या पावलांचे ठसे म्हणून दाखविली जाणारी शिळा आजही वेदीशी आहे. मंदिराच्या पोटात खडकात कोरलेली प्राचीन दफनभुयारे असून 1880 साली तेथे तिची कबर आढळली. दर वर्षी 23 जुलैच्या रात्री व 24 च्या सकाळी गावच्या चौकांत लाकडी मंचांवर तिच्या छळाचे प्रसंग गावकरी उभे करतात. पात्रे बोलत नाहीत, हलतही नाहीत. पडदा सरतो, लोक क्षणभर पाहतात, पडदा पडतो.

याच मंदिरात 1263 साली तो प्रसिद्ध चमत्कार घडल्याचे सांगतात. प्रागचा पीटर नावाचा एक धर्मगुरू रोमला चालला होता. पवित्र भाकरीत प्रभू खरोखर उपस्थित असतो काय, या शंकेने तो ग्रासला होता. क्रिस्तिनाच्या कबरीवर मिस्सा अर्पण करीत असता त्याच्या हातातील ओस्तीतून रक्त ठिबकले. ते वस्त्र ओर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये आहे. डाग पडलेल्या संगमरवरी लाद्या बोल्सेनातच आहेत. पुढल्याच वर्षी पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व ख्रिस्तसभेस लावून दिला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्या आज्ञापत्रात बोल्सेनाचा उल्लेख नाही, आणि लिएज शहरात संत जुलियाना हिच्या ध्यासातून हा सण 1246 पासूनच सुरू झाला होता. पोप होण्यापूर्वी अर्बन यांनी त्याच लिएजमध्ये आर्चडीकन म्हणून सेवा केली होती. पण गावकऱ्यांस हा हिशोब कोण सांगणार? त्या दिवशी ते रस्तेच्या रस्ते फुलांच्या पाकळ्यांनी चितारतात आणि त्या नक्षीवरून पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते. गोव्यात वा वसईत हा सण पाहिलेल्यास तेथे परकेपणा वाटणार नाही.

मासळीविषयी लिहिल्याखेरीज या गावाचे वर्णन पुरे होत नाही. येथील वामांवर पोप मार्टिन चौथे यांचा इतका जीव होता, की दान्तेने आपल्या काव्यात त्यांना शुद्धिस्थानात उपवास घडविला आहे! आज खानावळीत मुख्यतः मिळतो तो कोरेगोने हा पांढऱ्या मांसाचा मासा मूळचा येथला नव्हे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो या पाण्यात सोडला गेला. सपाट बुडाच्या होड्यांतून जाळी टाकणारे अजून आहेत, पण मुले बापाची जाळी हाती घेण्यास फारशी राजी नसतात. त्यातच पाण्याची चिंता. या तळ्यास मोठी नदी मिळत नाही. मार्ता नावाचा एकच प्रवाह बाहेर पडतो. सगळे पाणी एकदा बदलण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. आज आत गेलेली घाण नातवंडांच्याही हयातीत निघावयाची नाही. काठच्या गावांचे सांडपाणी नळांनी दूर नेण्याची योजना त्यासाठीच झाली. शेतांतील खतांचे पाणी मात्र अद्याप झिरपतेच.

ज्यास गर्दी नको त्याने दक्षिण काठावरील मार्ता या खेड्यात उतरावे, आणि जमल्यास 14 मे हा दिवस साधावा. त्या दिवशी गुराखी, शेतकरी व मासेमार आपापल्या कष्टाचे फळ घेऊन टेकडीवरील मरियामातेच्या मंदिराकडे निघतात. मासेमारांच्या गाड्यावर होडी व ताजी मासळी असते. दुपारी स्ब्रोशा नावाचे कालवण मागवावे : तळ्यातील मासे, बटाटे, रानपुदिना आणि खाली शिळ्या पावाचे काप. जुने मासेमार ते तळ्याच्याच पाण्यात शिजवीत.